गुण आला

विष्णुपंतांनी लाल पेन्सिलीने पहिल्याच वाक्यावर आडवी रेघ ओढली, पण पुढे जाववेना म्हणून ते वाक्य पुन्हा मोठ्याने वाचलं.

"क्वालिटी केम टु द पेशंट्स." चष्म्यावरून त्यांनी समोर पाहिलं. "म्हणजे काय रे अलीम?"

ओसरीवरच्या बाकावर अवघडून बसलेला डॉक्टर अलीम म्हणाला, "रोग्यांना गुण आला, सर."

विष्णुपंत जे हसत सुटले ते ठसका लागेपर्यंत. शाळेत तुला इंग्रजीत कधी धड गुण आले नाहीत, आणि आता सगळ्या राजूरला आणत सुटलास, असंही वर म्हणून झालं. अलीम हसला नाही. त्याने मान खाली घालून कोटाच्या बाहीवरचा न दिसणारा डाग पुसला. वर्गात चूक झाली की तो तेव्हाही अस्संच करायचा. विष्णुपंतांना ते आठवलं, आणि उगाच हसलो असंही वाटलं. पण वाटून काय उपयोग, हसून तर झालं होतं.

विष्णुपंत निसळ मास्तर म्हणजे नगरमधलं इंग्रजीचं शेवटचं कोर्ट. पेन्शनीत निघाले तरी लोक त्यांना सोडत नव्हते. वकील दावे घेऊन यायचे, मामलेदार कचेरीतले कारकून अर्ज घेऊन यायचे. गृहस्थ तसा दिलदार, पण इंग्रजीच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही. माणूस वाकडं वागला तर ते एक वेळ खपवून घ्यायचे, वाकडं लिहिलेलं मात्र खपत नसे.

अलीम त्यांचा जुना विद्यार्थी. बाप पीरमहंमद नगरातच मागावर बसायचा. पोरगा घासून घासून शिकला, पदवीचा नाही तरी लायसन्सचा डॉक्टर झाला, आणि नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरात राजूरला सरकारी दवाखान्यावर जाऊन पडला. पदवीवाले त्याला अर्धा डॉक्टर म्हणत. त्यात लढाई आली. जावा बेट जपान्यांच्या हाती गेलं आणि तिथल्या झाडांच्या सालीपासून होणारं क्विनीन बाजारातून नाहीसं झालं. राजूरच्या आसपासच्या वाड्यांमध्ये पाऊस सरला की घरटी एक माणूस हिवतापाने घोंगडीखाली कुडकुडत पडलेला, आणि दवाखान्याच्या वाट्याला क्विनीन येणार चिमूटभर. डोंगरातले लोक तापावर सातविणीच्या झाडाची साल उकळून पितात हे अलीमने पाहिलं होतं. त्याने ती साल मोजून-मापून द्यायला सुरुवात केली, कुणाचा ताप कधी उतरला ते टिपून ठेवलं, आणि त्यावर एक लेख लिहून मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकाकडे धाडला. लेख साभार परत आला. मजकूर मोलाचा आहे, पण भाषा छापण्याजोगी नाही, तरी जाणत्या माणसाची मदत घ्यावी, असा शेरा सोबत होता.

"मदत घ्या असं त्यांनीच लिहिलंय," अलीम म्हणाला. "पण सर, नाव माझं आणि इंग्रजी तुमचं. हे बरोबर आहे का?"

"तू शेरवानी घालतोस तेव्हा शिवणाऱ्याचं नाव पाठीवर मिरवतोस काय?" विष्णुपंत म्हणाले. "रोगी तुझे, औषध तुझं. कापड सगळं तुझं आहे. मी नुसता शिवणार."

हा दृष्टान्त त्यांचा त्यांनाच फार आवडला. लेखाच्या शेवटी आभार तरी मानतो, असं अलीम म्हणाला, तर त्यांनी हातानेच नको नको केलं. खरं सांगायचं तर त्याने आणखी एकदा आग्रह केला असता तर ते मानले असते. त्याने केला नाही, आणि ते त्यांना थोडं लागलं.

पण कामाला मात्र ते भुकेल्यासारखे बसले. इतकी वर्षं दुसऱ्यांचे अर्ज नि विनंत्या सजवण्यात गेली होती, त्यात जगाला काही नवं सांगणारा कागद हाताखाली पहिल्यांदाच आलेला. 'गुण आला'साठी त्यांनी आधी 'रिलीव्ह्ड' लिहिलं. ते त्यांना मिळमिळीत वाटलं, बदली होऊन चार्ज सोडलेल्या कारकुनासारखं. मग 'क्युअर्ड' लिहिलं आणि वाक्य कसं ताठ उभं राहिलं. शेवटचा परिच्छेद तर नुसता गुंता होता. कर्ता एकीकडे, क्रियापद भलतीकडे, आणि मधे डोंगर, पुन्हा, तेच, काही रोगी, असं काहीबाही. वर आलंय तेच हा परत सांगतोय, असं म्हणून त्यांनी तो सबंध उडवला आणि त्याजागी स्वतःचा समारोप घातला. जे काम करायला समुद्रापलीकडची झाडं लागत, ते आमच्या डोंगरातल्या एका साध्या झाडाने केलं, अशा अर्थाचा. त्या एका वाक्यावर त्यांनी एक अख्खी सकाळ घालवली होती.

अलीमने ती सुवाच्य प्रत उभ्या उभ्या वाचली. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"सर, हे मी लिहिलंय असं वाटत नाही."

"वाटायला लागेल हळूहळू," विष्णुपंत खुशीत म्हणाले.

लेख मासिकाने घेतला. भाद्रपदात त्याची प्रुफं राजूरला आली, आणि ती घेऊन अलीम कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने धक्के खात नगरला हजर झाला. कपड्यांवर काजळी, डोळे लाल. प्रुफं आजच्याच टपालाने परत जायला हवी होती. नाहीतर आहे तसा लेख छापून टाकू, असं मासिकवाल्यांनी कळवलं होतं.

प्रुफं तपासायची मास्तरांची एक रीत होती. एकाने छापील मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. डोळे सरावाने चुका गिळतात, कान गिळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. वाचायला त्यांनी नीलांबरीला बसवलं. ही त्यांची मुलगी, मॅट्रिक झालेली, पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली. दिवस भरत आले होते, त्यामुळे ती भिंतीला टेकून, पाय सोडून बसली. अलीमपुढे त्याच्यासाठी निराळ्या ठेवलेल्या कपबशीत चहा आला.

नीलांबरी स्वच्छ वाचायची. 'क्युअर्ड' शब्द पानापानावर येत होता, आणि तिच्या आवाजात तो आला की विष्णुपंतांचं बोट प्रतीवर कौतुकाने थबकायचं. दुसरं पान संपल्यावर ती सहज म्हणाली, "डॉक्टर, मग आता राजूरला क्विनीन नकोच की."

"साहेबही तेच म्हणाले," अलीम म्हणाला.

कोण साहेब, असं विष्णुपंतांनी विचारलं. तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. जिल्ह्यात क्विनीन कुठे किती द्यायचं हे ठरवणारे साहेब श्रावणात राजूरला फिरतीवर आले होते. अलीमने मोठ्या हौसेने लेखाची प्रत त्यांना दाखवली. त्यांनी तिथल्या तिथे ती वाचली, उठून हात मिळवला, असला माणूस डोंगरात कुजवायचा नाही, नगरच्या मोठ्या दवाखान्यात जागा होतेय, तिथे तुझं नाव घालतो म्हणाले. आणि राजूरला आता क्विनीनची गरज दिसत नाही, तर तिथला वाटा यंदा दुसऱ्या तालुक्यांना देऊ. लेख एकदा छापून आला की त्यावर बोट ठेवून तसा हुकूम काढता येईल.

विष्णुपंत क्षणभर हुरळून गेले. आपल्या विद्यार्थ्याच्या, खरं म्हणजे आपल्याच, इंग्रजीवर एवढा मोठा साहेब उठून उभा राहिला. मग त्यांचं लक्ष अलीमपुढच्या कपाकडे गेलं. चहावर साय धरली होती.

"मग तुझं तोंड असं का?"

"रात्रभर प्रवास झाला, सर. वाचा ना पुढे. टपाल जाईल."

नीलांबरी वाचू लागली. विष्णुपंतांचं बोट प्रतीवरच होतं, पण ते आता सरकत नव्हतं. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"अलीम, हे क्युअर्ड म्हणजे बरे झाले ना? पुरते?"

"तुम्हीच लिहिलंय, सर."

"मी तुझं लिहिलं."

"मी गुण आला असं लिहिलं होतं."

तो हे वर न बघता म्हणाला. नीलांबरीने प्रुफं मांडीवर ठेवली.

"मला मराठीत सांग," विष्णुपंत म्हणाले. "शाळेत सांगायचास तसं नको. रोगी तुझ्याकडे येऊन काय म्हणतो, ते सांग."

अलीमने कप थोडा बाजूला सरकवला. मग तो सांगत गेला, आणि इंग्रजीत अडखळणारा हा माणूस मराठीत कसा सरळ बोलतो ते विष्णुपंतांना जणू पहिल्यांदाच ऐकू आलं. साल काम करते. खोटं नाही. ताप उतरतो, माणूस उठून बसतो, भाकरी मागतो, आणि आपल्या वाडीवर निघून जातो. आणि मग महिना-दीड महिन्यात त्यातले बरेच जण पुन्हा दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसतात. गोरक्षनाथ नावाचा एक गुराखी तर तीनदा आला. "'गुन आला हुता डाक्टर, पन पुन्यांदा हिव वाजाया लागलंय,' असं म्हणतात. साल ताप खाली आणते, सर. मुळासकट काढत नाही. त्याला थोडं का होईना, क्विनीनच लागतं."

"मग हे लेखात का नाही?"

"होतं. शेवटच्या परिच्छेदात. तुम्ही पाल्हाळ म्हणून काढलंत."

विष्णुपंतांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. आधी आला तो राग. बोलला का नाहीस, त्यांनी जाब विचारला, चांगली दोनदा वाचलीस ना प्रत माझ्यासमोर? त्यांचा आवाज चढला आणि नीलांबरीने नुसतं "नाना" म्हटलं तेव्हा उतरला.

"वाचली, सर," अलीम म्हणाला. "मला वाटलं, हा जो कुणी डॉक्टर लिहितोय तो माझ्यापेक्षा मोठा आहे. त्याला जास्त माहीत असणार. वाचता वाचता मलाच ते पटलं. मग साहेबांनी विचारलं, सगळे बरे झाले? मी हो म्हणालो."

"आता?"

"आता काही करू नका. स्वल्पविराम तेवढे बघून द्या." तो पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडे बघत होता. "बायको, शरिफा, राजूरला कंटाळली आहे. पोरांना शाळा नाही. अर्धा डॉक्टर म्हणून मी तिथेच म्हातारा होईन. आणि मी कितीही ओरडलो तरी राजूरला क्विनीन येऊन येऊन किती येणार? चिमूटभर."

त्या चिमटीवर किती माणसं उठतात, असं विष्णुपंतांनी विचारलं. अलीमने पुन्हा मान खाली घातली.

विष्णुपंतांनी प्रुफं ओढून घेतली, पेन्सिल उचलली आणि पहिल्या 'क्युअर्ड'वर टेकवली. ती तिथेच राहिली. एकदा या पोराला न विचारता त्याचं म्हणणं आपण बदललं होतं. आता पुन्हा न विचारताच बदलायला बसलो आहोत. वाईट होतं ते पहिल्यांदा केलं, आता चांगलं करतोय, एवढाच काय तो फरक. आणि नाव दोन्ही वेळा त्याचंच. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. ती लपवायला त्यांनी चष्मा काढून पुसला. मग प्रुफं उलटी फिरवून अलीमपुढे सरकवली.

"लेख तुझा आहे. काय ठेवायचं ते तू ठरव."

"इंग्रजी तुमचं आहे, सर."

"म्हणूनच म्हणतोय."

अलीमने प्रुफांना हात लावला नाही. रस्त्यावरून टांगा गेला, त्याच्या घुंगरांचा आवाज वेशीकडे लांब लांब होत गेला. विष्णुपंतांना वाटलं, हा आता कागद गोळा करील, सलाम करील आणि निघून जाईल. तसं केलं तर त्याला अडवायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं. आणि ठरवलं तशी त्यांना भीतीच वाटायला लागली.

"मी लिहिलं तर तुम्ही पुन्हा हसाल," अलीम म्हणाला.

विष्णुपंतांनी नुसती मान हलवली. नीलांबरी उठायला लागली, पण त्यांनी खुणेनेच तिला बसवलं. तिला उठबस करणं जड जात होतं.

मग अलीमने खिशातलं फाउंटनपेन काढलं. "गुण आला याला इंग्रजीत काय म्हणतात, सर?"

"रिलीव्ह्ड."

त्याने स्पेलिंग विचारलं. विष्णुपंतांनी एकेक अक्षर सांगितलं. तो पहिल्या पानापासून सुरू झाला. एकेक 'क्युअर्ड' खोडायचा आणि समासात सावकाश दुसरा शब्द घालायचा. प्रुफात इतके बदल मासिकवाले मान्य करतील, की लेखच बासनात गुंडाळतील, कोण जाणे. विष्णुपंतांच्या ओठावर ते आलं होतं, पण अलीमलाही ते ठाऊक असणारच, म्हणून ते गप्प बसले. शेवटच्या पानावर समुद्रापलीकडच्या झाडांचं वाक्य आलं. अलीमने ते एका रेघेत खोडलं. विष्णुपंतांना त्यावर घालवलेली अख्खी सकाळ आठवली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग तो खालच्या कोऱ्या जागेत लिहू लागला. काढून टाकलेला परिच्छेदच तो आठवून लिहीत होता. काय लिहितोयस ते बोलत बोलत लिही, म्हणजे नीलू प्रतीवर उतरवून घेईल, असं विष्णुपंतांनी सुचवलं, कारण रीत ती रीत. त्याने दोन वाक्यं बोलून दाखवली, परत आलेल्या रोग्यांची, परत आलेल्या तापाची. मग त्याचं पेन थांबलं. त्याने एकदा नीलांबरीकडे पाहिलं, पटकन नजर काढून घेतली, आणि पुढचं तोंड मिटून लिहिलं. लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत कागद हातातच धरून ठेवला आणि मग तो विष्णुपंतांना दिला.

विष्णुपंत सवयीने मोठ्याने वाचू लागले. "इन मेनी पेशंट्स फीवर इज कम बॅक." इथे 'हॅज' हवं होतं. "टू आर..."

ते थांबले.

'टू आर एक्स्पायर्ड.' आधी त्यांना दिसली ती चूक. 'आर' नको, नुसतं 'डाइड' बस्स होतं. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. मग पुढचं वाक्य दिसलं. वन मदर साळूबाई अँड हर चाइल्ड, नेम वॉज नॉट केप्ट. यातही चूक होती. इंग्रजीत नाव 'ठेवत' नाहीत. त्यांनी ते मनातल्या मनात मराठीत फिरवलं, आणि मग अर्थ लागला. बारशाच्या दिवसापर्यंतही ते पोर पोचलं नव्हतं.

त्यांनी वर पाहिलं. अलीम काजळलेल्या बाहीकडे बघत होता.

"पुढे काय, नाना?" नीलांबरीने विचारलं. तिने पेन्सिल धरलेली होती, दुसरा हात नेहमीसारखा पोटावर. "टू आर, काय?"

"काही नाही," विष्णुपंत म्हणाले. "व्याकरणाची चूक आहे."

"मग दुरुस्त करा की."

विष्णुपंतांनी कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि पाकीट अलीमच्या हातात दिलं.

"नको," ते म्हणाले. "तशीच जाऊ दे."